आत्या ‘छान आहे’ म्हणाली

आत्या गप्प झाली, त्याच दिवशी मला भीती वाटायला लागली. पण मी ती भीती कुणाला सांगितली नाही, कारण आत्याला गप्प मीच केलं होतं, आणि मला त्याचं बक्षीस मिळणार होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आमच्याकडेच राहते. घराखाली आमची लॉन्ड्री आहे, ती आई आणि आत्या मिळून चालवतात. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे घरी ते पाहुण्यासारखेच असतात. आई कपडे धुते, सुकवते, गिऱ्हाइकांना पोचवते. आत्या मागच्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत इस्त्री करते आणि तक्रार करते. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच वेगाने.

“हा शर्ट बघ. माणूस यात ऑफिसला गेला होता की कुस्तीला?”

“हॉटेलवाल्यांना चादरी पांढऱ्या हव्यात, आणि गिऱ्हाइकं त्यांची खाणार टोमॅटो सॉस, तेही झोपून.”

“या भोकातून येणारा वारा एक दिवस माझी मान घेऊन जाणार आहे, लिहून ठेवा.”

हे भोक म्हणजे मागच्या खोलीतला झरोका. छताजवळ, बरोबर आत्याच्या टेबलाच्या मागे. थंडीत तिथून सुरीसारखा वारा येतो. आई दर वेळी म्हणायची, “ताई, मफलर घ्या की.” आत्या म्हणायची, “वाफेत मफलर? मला उकडून काढायचंय का तुला वहिनी?” मग दोघी दिवसभर एकमेकींशी बोलायच्या नाहीत, म्हणजे आई बोलायची नाही. आत्याचं चालूच.

आणि मी? मी पण काही कमी नव्हते. शाळेचं दप्तर जड, बूट घट्ट, गणिताचे सर तिरके, पाऊस आला तर पाऊस आणि नाही आला तर धूळ. तसं आमच्या घरात तक्रार हा बोलायला सुरुवात करायचा मार्ग होता. बाकीची माणसं ‘काय, कसं काय’ म्हणतात ना, तसे आम्ही ‘डोकं फुटलंय आज’ म्हणायचो.

मग आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी एक उपक्रम काढला. सोमवारपासून पाच दिवस तक्रारबंदी. घरातल्या सगळ्यांना सामील करून घ्यायचं. तक्रार तोंडात आली की ती गिळायची आणि त्या जागी एक चांगली गोष्ट म्हणायची. शुक्रवारी शाळेसमोर आपला अनुभव सांगायचा, आणि ज्याचा अनुभव सगळ्यांत चांगला त्याला बक्षीस.

इथे माझ्याबद्दल एक सांगते. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ इतक्या हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर मांडायच्या. दोन महिन्यांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेत कुणीच तयार होईना म्हणून मला ढकललं, मी डोळे मिटून बोलले, आणि पहिली आले. तेव्हापासून माझं तोंड असं काही उघडलंय की आत्या मला ‘भाषणबाई’ म्हणते. शाळेसमोर बोलायचं म्हटल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं.

सोमवारी सकाळी मी लॉन्ड्रीत नियम जाहीर केला. प्रत्येक तक्रारीला एक चिमटा. कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा, तो तक्रार करणाऱ्याच्या अंगावर लावायचा आणि संध्याकाळपर्यंत काढायचा नाही.

“हे काय नवीन खूळ?” आत्या म्हणाली.

मी तिच्या कॉलरला एक चिमटा लावला.

“अगं, पण ही तक्रार नाही, हा प्रश्न आहे!”

दुसरा लावला.

संध्याकाळी आत्याच्या अंगावर तेवीस चिमटे होते. साळिंदर दिसत होती. एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं, तिच्याकडे बघून मागे सरकलं आणि आईला म्हणालं, “यांना काही झालंय का?” आई इतकी हसली की काउंटरला धरून खाली बसली. आणि मग आत्याही हसली. त्या दोघींना एकत्र हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खरंच सांगते, मला वाटलं, मी जग बदललं.

मंगळवारी नऊ चिमटे. चांगल्या गोष्टी म्हणताना आधी आत्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं, पण मग तिला जमायला लागलं. आईला म्हणाली, “वहिनी, तू कपड्यांच्या घड्या मोजायला मला कधी लावत नाहीस, स्वतः मोजतेस. ते चांगलं आहे.” आई हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. मग आत्या मला म्हणाली, “तू शाळेतून येताना दारातूनच हाक मारतेस. त्यामुळे कळतं की कोणीतरी आलं. ते चांगलं.” मी लगेच वहीत लिहून घेतलं. भाषणात वापरायचं होतं.

त्या दिवशी आत्या वाऱ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी आईने पाहिलं की ती मानेला हात लावून नुसती उभी आहे. आईला काय वाटलं कोण जाणे. ती स्टुलावर चढली, जाड पुठ्ठा कापला, झरोक्यावर बसवला आणि चारी बाजूंनी पट्टी चिकटवली.

“घ्या ताई. आता तुमच्या मानेला आराम.”

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती छान केलंस,” ती म्हणाली.

मीही टाळ्या वाजवल्या. तिथे उभी राहून, स्वतःच्या दोन हातांनी.

बुधवारपासून माझं डोकं दुखायला लागलं. मी संध्याकाळी मागच्याच खोलीत अभ्यास करते, कारण तिथे ऊब असते. कपड्यांसाठी पाणी तापवायचा गॅसचा मोठा गीझर तिथेच भिंतीला आहे. अभ्यास करता करता कपाळावर कुणीतरी पट्टा आवळतंय असं वाटलं. एरवी मी दुकानभर ओरडत फिरले असते. पण नियम करणारीने चिमटा लावून घ्यायचा? गेली ना सगळी अब्रू! मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. सकाळी शाळेत जाताना बरं वाटलं, म्हणून विसरले.

आत्याला बुधवारी दोनच चिमटे लागले. आणि गुरुवारी एकही नाही.

गुरुवारी शाळेतून आले तेव्हा ती एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती. सरळ, उलटा, सरळ, उलटा. गाल लाल झाले होते.

“आत्या, आजचे चिमटे किती?”

तिने माझ्याकडे बघितलं. जरा उशिरा बघितलं, म्हणजे माझा आवाज तिच्यापर्यंत लांबून चालत गेल्यासारखा.

“शून्य,” ती म्हणाली.

“वा! मग कसं वाटतंय?”

“छान आहे.”

ते ‘छान आहे’ ऐकून मला भीती वाटली. आत्याच्या तोंडून मी ‘छान’ हा शब्द एवढा कोरा कधी ऐकला नव्हता. तिच्या ‘छान’लाही एरवी एक शेपूट असायचं: छान आहे, पण बाही छोटी आहे. छान आहे, पण फार दिवस टिकणार नाही. आज शेपूट नव्हतं. मी वाट पाहिली. ती पुन्हा अभ्र्याकडे वळली.

“आई, आत्या अशी काय करतेय?” मी बाहेर येऊन विचारलं.

आई काउंटरवर पावत्या लावत होती. लावताना चुकत होती, हे मला दिसत होतं. जांभळ्या पावतीचे कपडे पिवळ्या पावतीत. आई अशी कधी चुकत नाही.

“कशी करतेय?”

“गप्प आहे.”

“मग? तुलाच हवं होतं ना? बघ, गालांवर लालीसुद्धा आली. तक्रार बंद केली की माणूस असा खुलतो.” आणि तिने डोळे घट्ट मिटून पुन्हा उघडले.

आता मला वाटतं, त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, माझं डोकं दुखतंय. एवढं एक वाक्य. आईने म्हटलं असतं, माझंही. आत्याने आतून म्हटलं असतं, माझं तर दोन दिवस फुटतंय, कुणाला पडलीये का. आमच्या घरात हे असंच व्हायचं. एकीने सुरुवात केली की दुसरी तिच्यावर कडी करायची. पण मी वहीत लिहिलं, ‘गुरुवार: घरात एकही तक्रार नाही’, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

शुक्रवारी सकाळी आत्या जिन्यात थांबली होती. दुकानात जायला खाली उतरत होती आणि मधल्याच पायरीवर कठडा धरून उभी.

“आत्या?”

“अं? काही नाही. तू जा. छान बोल हं, भाषणबाई.”

मला जायचं नव्हतं. खरंच. पण हॉटेलच्या चादरींचा मोठा ढीग आला होता, आईने सहापासून गीझर लावला होता, ती घाईत होती, आणि माझ्या अंगावर इस्त्रीचा गणवेश होता, जो आत्यानेच केला होता. बाहीला दोन घड्या पडल्या होत्या. आत्याच्या हातून कधी न पडणारी दुहेरी घडी! मी ती बोटाने दाबत दाबत शाळेत गेले.

सभागृहात सगळी शाळा बसली होती. माझी पाळी आली. मी चिमट्यांचं सांगितलं, लोक हसले. साळिंदराचं सांगितलं, मुख्याध्यापकसुद्धा हसले. आई-आत्याचं हसणं सांगितलं, वहीतली चांगली वाक्यं वाचली. आवाज मस्त लागला होता. मग मी शेवटचं वाक्य म्हणाले, जे मी गुरुवारी रात्री पाठ केलं होतं: “आणि माझी आत्या, जिने आयुष्यभर तक्रार केली, तिने कालपासून एकही तक्रार केलेली नाही!”

टाळ्या. बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न?

पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. एवढीशी. दोन वेण्या.

“मग आता ती काय बोलते?”

मी तोंड उघडलं. बंद केलं. सगळे वाट बघत होते. मी आठवत होते, खरंच आठवत होते, आत्या कालपासून काय काय बोलली. ‘शून्य.’ ‘छान आहे.’ ‘काही नाही.’ ‘तू जा, छान बोल हं.’ एवढंच. दिवसभर बोलणारं माणूस, आणि एवढंच.

पूर्वी लोकांची भीती वाटायची, आता मला तिथे लोकच दिसत नव्हते.

“बाई, मला घरी जायचंय.”

“का गं? काय झालं?”

“आमच्या घरी कुणीच तक्रार करत नाही.”

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि फोन पुढे केला. मी लॉन्ड्रीचा नंबर लावला. आमच्याकडे फोन आत्या उचलते. तिसऱ्या घंटेला, आणि उचलल्या उचलल्या म्हणते, “बोला, इस्त्री तापतेय.” मी मोजत राहिले. तीन. सात. बारा. घंटा वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“कदाचित बाहेर गेल्या असतील,” बाई म्हणाल्या.

“आई जाते बाहेर. आत्या जात नाही. आत्या कुठेच जात नाही, बाई.”

“पळ,” बाई म्हणाल्या.

मी पळाले. घट्ट बूट, जड दप्तर, काही म्हणजे काही जाणवलं नाही. रस्त्यात सिग्नल लाल होता तिथे थांबावं लागलं, आणि तेवढ्यात मी स्वतःशी करार करत होते: आत्या, तू फक्त ओरड. ‘शाळा सोडून आलीस कशाला’ म्हणून ओरड. काहीही ओरड.

लॉन्ड्रीचं दार उघडं होतं. काउंटरवर कुणी नाही. आई चादरी पोचवायला गेली होती, हातगाडी जागेवर नव्हती. मी दारातूनच हाक मारली, नेहमीसारखी.

“आत्या!”

आतून गीझरचा आवाज येत होता. घूं. बाकी काही नाही.

मागच्या खोलीचं दार ऊब जाऊ नये म्हणून बंद असतं. मी ढकललं. आत्या धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवी पडली होती. एक हात खाली लोंबत होता, तोंड थोडं उघडं. झोपल्यासारखी, पण झोपलेलं माणूस असं पडत नाही, हे कळायला कुणी सांगावं लागत नाही. मी तिला हलवलं. तिचं डोकं माझ्या हाताबरोबर आलं आणि तसंच परत गेलं.

“आत्या. आत्या. ए आत्या!”

ती श्वास घेत होती. मी कान लावून ऐकलं. पण फार लांबून.

तेवढ्यात माझं डोकं कालच्यासारखं आवळायला लागलं. एका मिनिटात. रस्ताभर काही दुखत नव्हतं, आणि या खोलीत पाऊल टाकल्यावर पट्टा. मला काय कळलं आणि काय नाही हे सांगता येणार नाही. एवढंच वाटलं की या खोलीत काहीतरी आहे. दिसत नाही, वास नाही, पण आहे, आणि ते आता माझ्याही अंगावर बसतंय. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. पळून जावंसं वाटलं. खरं सांगते, एक पाऊल मी दाराकडे टाकलंही.

आत्या अंगाने भरलेली आहे आणि मी काडी. उचलणं शक्यच नव्हतं. पण ओल्या कपड्यांची ओझी आम्ही कधी उचलत नाहीच. जाड चादर जमिनीवर पसरायची, ओझं त्यावर लोळवायचं, दोन कोपरे मुठीत धरायचे आणि उलटं चालत ओढायचं. फरशी गुळगुळीत आहे, शंभर किलोसुद्धा सरकतं. मी ते लहानपणापासून करत आलेय, आणि दर वेळी कंबर मोडली म्हणून कुरकुरत आलेय.

मी चादर पसरली. आत्याला ढिगावरून खाली लोळवलं. ती धप्पकन पडली आणि मी “सॉरी, सॉरी” म्हणत राहिले. कोपरे धरले आणि ओढायला लागले. उंबरठ्याशी चादर अडकली. माझ्या डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचत होते. मी बसले आणि दोन्ही पाय चौकटीला लावून, दात आवळून ओढलं, आणि ती सुटली. काउंटरच्या बाजूने, दारातून, थेट फुटपाथवर.

मग मी ओरडले. दोन महिन्यांत कमावलेला सगळा आवाज लावून ओरडले.

समोरचे सायकल दुरुस्तीवाले काका हातात चाक घेऊनच धावत आले. त्यांनी आत्याकडे बघितलं, चाक टाकलं, फोन लावला. मग आत जायला निघाले.

“काका, आत जाऊ नका! आत काहीतरी आहे!”

“गॅस?” त्यांनी विचारलं. त्यांनी तोंडावर फडकं धरलं, श्वास रोखला, पळत आत जाऊन गीझर बंद करून बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसून खोकत राहिले. “वास तर नाही पोरी कसला.”

रुग्णवाहिकेतून एक बाई आणि एक माणूस उतरला. बाईंनी आत्याच्या तोंडावर मास्क बसवला आणि माझ्याकडे न बघताच प्रश्न सुरू केले.

“यांचं डोकं दुखत होतं का?”

“नाही. म्हणजे… सांगितलं नाही.”

“मळमळ? चक्कर?”

“सांगितलं नाही.”

आता त्यांनी वर पाहिलं. “तुझं दुखतंय?”

मी मान हलवली.

“कधीपासून?”

“बुधवारपासून.”

“आणि कुणाला बोलली नाहीस?”

मागे हातगाडीचा खडखडाट झाला आणि थांबला. आई. रिकामी गाडी तशीच सोडून ती आली आणि आत्याच्या पायाशी उकिडवी बसली. तिने सगळं ऐकलं असावं, कारण ती म्हणाली, “माझंही. बुधवारपासूनच. मला वाटलं माझं एकटीचंच. बाहेर पडलं की थांबतं, म्हणून मी…”

“पाणी कशावर तापतं?”

“गॅसवर.”

“खोलीला झरोका आहे?”

आई फुटपाथवर सरळ खाली बसली आणि तिने तोंडावर हात दाबला.

हॉस्पिटलात आम्हा दोघींनाही मास्क लावून शेजारी शेजारी बसवलं. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. गॅस जळताना पुरेशी हवा नसेल तर एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, कधी गाल लाल होतात, गुंगी येते, माणसाला वाटतं दमलोय. मग झोप लागते. आम्ही दोघी बाहेर जात-येत होतो म्हणून वाचलो. आत्या मात्र दिवसभर आतच होती.

“जाग कधी येईल?” आईने विचारलं.

“येऊ दे. मग बोलू. जाग आल्यावरही डोकं कसं चालतंय ते बघावं लागेल.”

त्या ‘मग बोलू’नंतर दोन तास गेले. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. मी मास्कमध्ये रडले की आतून ओलं व्हायचं आणि घसरायचं.

“मी नियम केला नसता तर…” मी म्हणाले.

“पुठ्ठा मी लावला,” आई म्हणाली. मास्कमुळे तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. “आणि मी म्हटलं गालावर लाली आली.”

मग आई म्हणाली, “माझे पाय दुखतात. टाचा. दोन वर्षं झाली.”

मी वळून पाहिलं. “दोन वर्षं? आणि सांगितलं नाहीस?”

“कुणाला सांगू? ताई इतकं बोलायच्या, तू इतकं बोलायचीस, माझा नंबरच लागायचा नाही. आणि खरं सांगू? त्या बोलायच्या त्यातलं मीही काही ऐकत नव्हते. नळ चालू असावा तसं.” ती थांबली. “झरोका दहा वर्षांपूर्वी सरळ करून घेता आला असता. हवा वरून जाईल, मानेवर येणार नाही, असा पत्रा मिळतो. सायकलवाल्यांनीसुद्धा लावून दिला असता. दहा वर्षं ऐकलं आणि पत्र्याचं सुचलं नाही.”

“टाचा कुठे दुखतात?” मी विचारलं. “मागे की खाली?”

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने वाकून बुटातून पाय काढला आणि बोटाने दाखवलं. “इथे. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की.”

मी तिथे हात ठेवला. काय करायचं ते माहीत नव्हतं, नुसता ठेवला.

सिस्टर आल्या. “त्यांनी डोळे उघडलेत. एकीने या.”

आईने मला पुढे केलं. मला वाटत होतं तिने जावं. आत्याने मला ओळखलं नाही तर? तिचं डोकं तिथल्या तिथे त्या अभ्र्यासारखं उलटंसुलटं फिरत राहिलं तर? पण मी गेले.

डॉक्टर बाई पलंगाशी उभ्या होत्या. आत्या इतकी लहान दिसत होती. मास्कचा पट्टा तिच्या कानावरून गालापर्यंत गेला होता.

“आज वार कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

आत्याने विचार केला. “बुधवार.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. बुधवार, म्हणजे दोन दिवस तिच्यातून पडून गेले होते, आणि त्या दोन दिवसांत मी वहीत रेघा ओढत होते.

“ही कोण?”

आत्याची नजर माझ्यावर आली. उशिरा आली, पण आली. “ही? भाषणबाई आमची.”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “हळूहळू बाकीचंही येईल. घाई नको. बस इथे पाच मिनिटं.”

त्या गेल्या. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले. काय विचारायचं ते मला सुचेना, म्हणून सगळे विचारतात तेच विचारलं.

“आत्या, कसं वाटतंय?”

“छान आहे,” ती म्हणाली.

तेच. तसंच, शेपूट नसलेलं. मी तिचा हात धरला आणि मला आवरेना.

“छान म्हणू नकोस. प्लीज. आता नियम नाही, काही नाही. मला भीती वाटते तू छान म्हणालीस की. खरं सांग. कुठे काय होतंय ते सांग मला.”

तिने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं पुन्हा झोप लागली. मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

“हा पट्टा,” ती म्हणाली, “कानाला कापतोय. कुणी बांधलाय इतका आवळून? पार्सल आहे का मी?”

मी वाकून पाहिलं. कानामागे खरंच लाल वळ उठला होता. मी सिस्टरना हाक मारली, त्यांनी पट्टा सैल केला आणि खाली कापसाची पट्टी घातली. आत्याने हळूच मान हलवून बघितली.

“आता?”

“आता बरा.”

“सांगितलंस ते फार बरं केलंस,” मी म्हणाले. “आभारी आहे मी तुझी.”

“पट्ट्यासाठी आभार?” तिने डोळे मिटले. मी घाबरून तिच्या छातीकडे बघितलं. खाली, वर. खाली, वर. डोळे मिटूनच ती म्हणाली, “अजून आहे. पाठीखाली काहीतरी टोचतंय. आणि घसा.”

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसले.

“आधी पाठ सांग,” मी म्हणाले. “कुठे टोचतंय?”